एपीटीटी लांबला, पण रक्त तर नीट थांबतं

पत्र : डॉक्टर, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. टॉन्सिल सारखे सुजतात, ताप येतो, म्हणून ऑपरेशन ठरलं. आधीच्या तपासणीत रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या दोन चाचण्या केल्या. पीटी १२.८ सेकंद आला, तो नॉर्मल आहे म्हणतात. पण एपीटीटी ७४ सेकंद आला. लॅबने मर्यादा २६ ते ३६ दिली आहे. ऑपरेशन पुढे ढकललं आणि आम्हाला रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी मिक्सिंग टेस्ट आणि फॅक्टर ८, ९, ११, १२ अशा तपासण्या लिहून दिल्या आहेत. मी इंटरनेटवर रक्त गोठण्याचा तक्ता पाहिला. त्यात एक आतली वाट आणि एक बाहेरची वाट आहे, आणि एपीटीटी आतल्या वाटेची तपासणी आहे असं लिहिलंय. म्हणजे माझ्या मुलाचं रक्त गोठण्याचं निम्मं काम बंद आहे का? पण तो सहा वर्षांचा असताना हनुवटी फुटून चार टाके पडले होते, तेव्हा रक्त नीट थांबलं. दुधाचे दात पडले तेव्हाही काही त्रास नाही. हा हिमोफिलिया आहे का? आमच्या घरात कुणालाच नाही. त्याचं खेळणं बंद करू का? धाकट्या मुलीचीही तपासणी करायची का? रात्र रात्र झोप नाही. — एक आई

उत्तर :

ताई, 'निम्मं काम बंद आहे का' हा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीची बरीचशी भीती त्यातूनच आली आहे. नाही, निम्मं काम बंद नाही. तुम्ही पाहिलेल्या तक्त्यातल्या दोन वाटा जखमेत अशा सुट्या सुट्या नसतात. त्या तशा दिसतात त्या लॅबमधल्या नळीत. एवढं लक्षात आलं की ७४ सेकंदांचा रिपोर्ट आणि नीट बरी झालेली हनुवटी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, तेही कळेल.

आपण त्या हनुवटीपासूनच सुरू करू. तो पडला, कातडी फाटली, आतल्या बारीक रक्तवाहिन्या तुटल्या. पहिल्या काही सेकंदांत तुटलेल्या वाहिन्या आकसल्या. वाहिनीच्या आतल्या गुळगुळीत अस्तराखाली कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. एरवी रक्ताचा आणि त्याचा संबंध येत नाही, पण आता ते उघडं पडलं. रक्तात फिरणारं फॉन विलेब्रांड फॅक्टर हे लांबलचक प्रथिन त्या कोलॅजनला चिकटलं, वाहत्या रक्ताच्या ओढीने ताणलं जाऊन उलगडलं, आणि जवळून जाणाऱ्या प्लेटलेटना, म्हणजे रक्तातल्या गुठळी करणाऱ्या बारीक कणांना, त्याने धरून ठेवलं. चिकटलेल्या प्लेटलेटनी आपला चपटा गोल आकार सोडला, त्यांना फाटे फुटले, पोटातली रसायनं त्यांनी बाहेर सोडली आणि आणखी प्लेटलेट गोळा केल्या. अशी एक मऊ गुठळी तयार झाली. साधं खरचटलं असेल तर एवढ्यावरही बहुतेक भागतं. टाके घालावे लागतात अशा जखमेत मात्र रक्ताचा जोर ही मऊ गुठळी ढकलून देईल. तिला आत-बाहेरून बांधून ठेवायला फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं लागतं. तुमच्या तक्त्यातले सगळे आकडे, म्हणजे रक्त गोठवणारी क्रमांक दिलेली प्रथिनं किंवा फॅक्टर, या जाळ्यासाठी आहेत.

जाळ्याची सुरुवात होते टिश्यू फॅक्टरपासून. हे प्रथिन वाहिनीच्या बाहेरच्या पेशींवर बसलेलं असतं. रक्ताला ते भेटतं ते वाहिनी तुटल्यावरच, आणि ही रचना मला फार महत्त्वाची वाटते. रक्ताला एरवी गोठायचं कारणच मिळू नये आणि जखम झाली की क्षणात मिळावं, हे केवळ कोण कुठे बसलं आहे यावर साधलेलं आहे. रक्तात फॅक्टर ७ फिरत असतो आणि त्यातला साधारण एक टक्का आधीपासूनच कामाला तयार असतो. तो टिश्यू फॅक्टरला जोडला जातो. ही जोडी फॅक्टर १० ला आणि फॅक्टर ९ ला जागं करते. जागा झालेला फॅक्टर १० फॅक्टर ५ च्या मदतीने प्रोथ्रॉम्बिन हे प्रथिन तोडून थोडंसं थ्रॉम्बिन बनवतो. फायब्रिनचे धागे शेवटी हे थ्रॉम्बिनच तयार करतं.

थोडंसंच. या थ्रॉम्बिनवर जाळं उभं राहत नाही. शिवाय शरीर इथे लगेच हात आखडता घेतं. फॅक्टर १० तयार होऊ लागला की टीएफपीआय नावाचं प्रथिन येऊन टिश्यू फॅक्टर आणि फॅक्टर ७ च्या जोडीला कुलूप लावतं. चूल पेटवतानाची काडी आठवा. तिची ज्योत क्षणभरच टिकते, तेवढ्यात लाकडाने पेट घ्यायला हवा. टिश्यू फॅक्टर आणि फॅक्टर ७ ही काडी. त्या पहिल्या चिमूटभर थ्रॉम्बिनने लाकूड पेटतं, कारण ते एकाच वेळी चार कामं करतं. प्लेटलेटना पूर्ण जागं करतं. फॅक्टर ५ ला तयार करतं. फॉन विलेब्रांड फॅक्टरला धरून फिरणाऱ्या फॅक्टर ८ ला सोडवून कामाला लावतं. आणि फॅक्टर ११ लाही जागं करतं.

आता सगळा कारभार प्लेटलेटच्या पृष्ठभागावर येतो. तिथे फॅक्टर ९ आणि ८ एकत्र बसून भराभर फॅक्टर १० जागा करतात. फॅक्टर ११ मागून ९ चा पुरवठा चालू ठेवतो. फॅक्टर १० आणि ५ एकत्र बसले की थ्रॉम्बिन बनण्याचा वेग एकट्या फॅक्टर १० च्या मानाने सुमारे तीन लाख पट होतो. कॅल्शियम या सगळ्यांना त्या पृष्ठभागावर जखडून ठेवायला लागतं. या दुसऱ्या लाटेत थ्रॉम्बिन इतकं होतं की ते फायब्रिनोजेनचे तुकडे करतं, त्यांचे धागे जुळतात, आणि फॅक्टर १३ त्या धाग्यांना एकमेकांशी पक्के टाके घालतो. डॉक्टरांनी तुमच्या मुलाच्या हनुवटीला चार टाके घातले, तेव्हा आत हे काम आधीच चाललेलं होतं.

या वर्णनात फॅक्टर १२ कुठेच आला नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? मी तो विसरले नाही. जखमेचं रक्त थांबवायला त्याची गरज पडत नाही.

मग तक्त्यात तो सगळ्यात वर, आतल्या वाटेच्या तोंडाशी का बसलाय? त्यासाठी लॅबमध्ये जावं लागेल. तुमच्या मुलाचं रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतलं असेल. त्या नळीत आधीच थोडं सायट्रेट असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त नळीत गोठत नाही. मग नळी यंत्रात गरगर फिरवून पेशी खाली बसवतात आणि वरचा पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, घेतात. पीटी करताना त्यात टिश्यू फॅक्टर, थोडी स्निग्ध द्रव्यं आणि कॅल्शियम घालतात आणि घड्याळ लावतात. टिश्यू फॅक्टर इतका भरपूर असतो की ८, ९, ११ यांची वाट न पाहता दहा-बारा सेकंदांत गुठळी होते. एपीटीटीत टिश्यू फॅक्टर अजिबात घालत नाहीत. त्याऐवजी केओलिनसारखी किंवा सिलिकासारखी बारीक पूड घालतात, काही मिनिटं थांबतात, मग कॅल्शियम घालून सेकंद मोजतात. त्या पुडीच्या कणांवर ऋण भार असतो. त्यांच्याशी गाठ पडली की फॅक्टर १२ जागा होतो, तो ११ ला जागं करतो, ११ पुढे ९ ला, आणि ९ हा ८ च्या साहाय्याने १० ला. काचेच्या नळीत रक्त लवकर गोठतं आणि सिलिकॉनचा लेप दिलेल्या नळीत उशिरा, तेही याच कारणाने. पण तुमच्या मुलाच्या हनुवटीत केओलिन नव्हतं आणि काचही नव्हती.

हा तक्ता आला १९६४ साली. इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन यांनी आणि अमेरिकेत डेव्ही आणि रॅटनॉफ यांनी त्याच वर्षी, वेगवेगळं काम करून, जवळजवळ एकच कल्पना मांडली : एक फॅक्टर पुढच्याला जागं करतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि प्रत्येक पायरीला परिणाम वाढत जातो. ती मोठी झेप होती. पीटी आणि एपीटीटी वाचायला मी तो तक्ता आजही रोज वापरते. त्याआधी अमुक रुग्णाचं रक्त का थांबत नाही याचा नुसता गोंधळ होता. त्यातले आकडेही सापडण्याच्या क्रमाने पडले आहेत, कामाच्या क्रमाने नाहीत. म्हणून ७ आधी आणि ५ मागाहून अशी ती उलटसुलट रांग दिसते, आणि ६ तर नाहीच, कारण ज्याला ६ म्हणत होते तो जागा झालेला ५ च निघाला. तुम्हाला तक्ता पाहून गरगरलं असेल तर त्यात तुमचा काही दोष नाही.

याच रॅटनॉफ यांच्याकडे १९५० च्या दशकात जॉन हेगमन नावाच्या रेल्वे कामगाराचं रक्त आलं होतं. शस्त्रक्रियेआधीच्या नेहमीच्या तपासणीत काचेच्या नळीत त्यांचं रक्त गोठायला भलताच वेळ लागला. या गृहस्थांना आयुष्यात रक्तस्रावाचा त्रास मात्र कधी झालेला नव्हता. त्यांच्या रक्तात जो फॅक्टर नव्हता त्याला आधी हेगमन फॅक्टर म्हटलं गेलं, पुढे तोच फॅक्टर १२ झाला. हेगमन १९६८ मध्ये वारले. पडून हाड मोडलं, अंथरुणाला खिळले, आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी जाऊन त्यांचा मृत्यू झाला. ज्यांचं रक्त नळीत गोठत नव्हतं, त्यांच्या शरीरात जीव घेण्याइतकं ते गोठलं. निसर्गातही असं उदाहरण आहे. डॉल्फिन आणि देवमाशांमध्ये फॅक्टर १२ नसतो, आणि जखमा त्यांनाही होतात. पुढे १९९१ मध्ये थ्रॉम्बिन स्वतःच फॅक्टर ११ ला जागं करतं हे दाखवलं गेलं, आणि १२ शिवाय शरीराचं कसं भागतं याचा उलगडा झाला.

याचा अर्थ एपीटीटी निरुपयोगी आहे असा मात्र घेऊ नका. आतली वाट शरीरात सुटी नसली, तरी तिच्यातले ८ आणि ९ अत्यंत गरजेचे आहेत. ते नसले की काडी पेटते, पण लाकूड पेट घेत नाही. हिमोफिलियात हेच होतं. हिमोफिलिया ए मध्ये फॅक्टर ८ कमी असतो, बी मध्ये ९. त्यांचा पीटी अगदी नॉर्मल येतो आणि तरी सांध्यांत, स्नायूंत रक्त साचतं. म्हणजे एपीटीटी लांब आला या एकाच आकड्यामागे कधी काहीच धोका नसतो आणि कधी मोठा असतो. तो आकडा तुमच्या मुलाला किती रक्त जाईल हे सांगत नाही. नीट शोधा, एवढंच सांगतो. तुमच्या डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं ते योग्यच केलं, आणि पुढच्या तपासण्याही योग्य क्रमाने लिहिल्या आहेत.

आता तुमच्या मुलाचं पाहू. सगळ्यात आधी शंका घ्यायची ती नळीवर. निळ्या टोपणाच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेलं असतं. मूल रडलं, हात हलवला, रक्त कमी आलं आणि नळी अर्धवट भरली, तर सायट्रेट जास्त होतं आणि एपीटीटी उगाच लांबतो. हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घातलेल्या सलाइनच्या नळीतून रक्त काढलं तरी तसंच. म्हणून पुन्हा नव्याने, सरळ शिरेतून, नळी खुणेपर्यंत भरून रक्त द्या. तेव्हा तिथे उभं राहून नळी भरलेली पाहायला काहीच हरकत नाही.

दुसऱ्यांदाही लांबच आला तर मिक्सिंग टेस्ट. मुलाचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसांचा प्लाझ्मा निम्मे-निम्मे मिसळून पुन्हा एपीटीटी करतात. एखादा फॅक्टर निम्मा असला तरी एपीटीटी साधारण नॉर्मल येतो. म्हणून मिसळल्यावर आकडा मर्यादेत आला, तर मुलाच्या रक्तात काहीतरी कमी आहे. मिसळूनही लांबच राहिला, तर रक्तात अडथळा आणणारं काहीतरी आहे, बहुधा एखादं प्रतिपिंड.

तुमच्या मुलाच्या वयात, सारखे घसादुखी आणि तापाचे हल्ले होणाऱ्यांत, असं एक प्रतिपिंड आम्हाला बऱ्याचदा सापडतं. त्याचं नाव ल्यूपस अँटिकोअ‍ॅग्युलंट. नावाने धसका घेऊ नका : ते सापडलेल्या बहुतेक मुलांना ल्यूपस हा आजार नसतो, आणि रक्तस्रावही होत नाही. संसर्गानंतर ते तयार होतं, एपीटीटीत वापरलेल्या स्निग्ध द्रव्यांना जाऊन चिकटतं, नळीतला आकडा लांबवतं आणि काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप नाहीसं होतं. साधारण बारा आठवड्यांनी पुन्हा तपासतात. क्वचित एखाद्या मुलात त्याच्याबरोबर प्रोथ्रॉम्बिनही कमी होतं आणि तेव्हा रक्त जाऊ शकतं, पण मग पीटीही लांबतो. तुमच्या मुलाचा पीटी नॉर्मल आहे.

मिसळल्यावर आकडा सुधारला तर एकेक फॅक्टर मोजायचा. फॅक्टर १२ कमी निघाला, तर रक्तस्रावाच्या दृष्टीने चिंता नाही आणि त्यासाठी कुठलंच औषध लागत नाही. फक्त आकडा सुधारावा म्हणून ऑपरेशनआधी प्लाझ्मा चढवू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्याचं रक्तद्रव्य चढवण्याचे आपले धोके असतात आणि इथे त्याचा फायदा काहीच नाही.

हिमोफिलियाबद्दल तुम्ही थेट विचारलंय, म्हणून थेट सांगते. 'घरात कुणाला नाही' एवढ्यावर तो नाकारता येत नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत तो नव्यानेच, घराण्यात आधी कुणाला नसताना येतो. पण तुमच्या मुलाची गोष्ट वेगळं सांगते. फॅक्टर ८ किंवा ९ अगदी नगण्य असलेली मुलं चालायला लागली की लगेच कळतात. गुडघे, घोटे सुजतात, पडल्यावर मोठी टेंगळं आणि काळेनिळे डाग येतात, जीभ चावली तर दिवसभर रक्त झिरपतं. सौम्य हिमोफिलिया मोठेपणापर्यंत लपून राहू शकतो, पण त्यात एपीटीटी सहसा थोडासाच लांबतो. ७४ सेकंद आणि नऊ वर्षांत काहीही नाही, ही जोडी हिमोफिलियाला सहसा जुळत नाही. फॅक्टर ८ आणि ९ मोजल्याशिवाय शेवटचा शब्द देता येणार नाही, पण माझं मन तिकडे झुकत नाही.

मला खरी काळजी आहे ती फॅक्टर ११ ची, आणि तीही ऑपरेशन टॉन्सिलचं आहे म्हणून. फॅक्टर ११ कमी असलेली माणसं वर्षानुवर्षं अगदी ठीक असतात. सांध्यांत रक्त साचत नाही, कातडी कापली तर रक्त थांबतं. रक्तातलं प्रमाण आणि प्रत्यक्ष रक्तस्राव यांचा मेळही नीट बसत नाही. प्रमाण फार कमी असूनही एखाद्याला काहीच होत नाही, आणि थोडं कमी असलेल्याला त्रास होतो. पण तोंड, नाक, घसा आणि मूत्रमार्ग इथल्या शस्त्रक्रियेत हीच माणसं अडचणीत येतात. कारण असं, की गुठळी बांधणारी यंत्रणा जशी शरीरात आहे तशी ती विरघळवणारीही आहे. प्लास्मिन नावाचं एन्झाइम फायब्रिनचे धागे तोडतं आणि जखम भरून आल्यावर गुठळी साफ करतं. या जागांमध्ये ही विरघळवणारी यंत्रणा जास्त जोरात असते. फॅक्टर ११ मुळे थ्रॉम्बिनची दुसरी लाट लांब टिकते, धागे दाट होतात आणि प्लास्मिनला सहज तुटत नाहीत. ११ कमी असला की गुठळी होते, पण विरळ, आणि घशात ती टिकत नाही. हनुवटीच्या कातडीवरून टॉन्सिलचा अंदाज बांधता येत नाही, तो यासाठी. दुधाचे दात आपोआप पडणं हीसुद्धा फार सौम्य परीक्षा आहे, दात उपटून काढणं वेगळं. म्हणून फॅक्टर ११ चा रिपोर्ट हातात आल्याशिवाय टॉन्सिलला हात लावू देऊ नका. कमी निघालाच तरी ऑपरेशन होऊ शकतं. गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड हे औषध आहे, लागलं तर प्लाझ्मा किंवा फॅक्टर देता येतो. ते आधी ठरवून, रक्तविकारतज्ज्ञांना सोबत घेऊन करायचं, एवढंच.

फॉन विलेब्रांड फॅक्टरही तपासायला सांगा. तो फॅक्टर ८ ला सांभाळतो, म्हणून तो कमी असला की ८ ही कमी होऊन एपीटीटी लांबू शकतो. आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांत याच्या कमतरतेचा आजारच सर्वांत जास्त आढळतो. त्याच्या सौम्य प्रकारात एपीटीटी पूर्ण नॉर्मल येतो, फॅक्टर १३ च्या अभावात पीटी आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल येतात, आणि प्लेटलेटचं काम बिघडलेलं असलं तरी या दोन्ही चाचण्यांना त्याचा पत्ता लागत नाही. आकडा नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणं आणि लांब आला म्हणून घाबरणं, दोन्हीत तीच चूक आहे. म्हणूनच रक्तस्रावाचा काहीच इतिहास नसलेल्या प्रत्येक मुलाची ऑपरेशनआधी सरसकट पीटी-एपीटीटी करणं मला पटत नाही. नीट विचारपूस करणं जास्त उपयोगाचं. पण एकदा चाचणी केली आणि ती इतकी लांब आली, की कारण शोधणं भागच आहे.

विचारपूस म्हणजे काय, ते सांगते, कारण तुम्ही घरी बसून ती तयार करू शकता आणि कुठल्याही रिपोर्टपेक्षा डॉक्टरांना तिचा उपयोग जास्त होईल. जन्मानंतर नाळ पडताना तिथून रक्त येत राहिलं होतं का? लस टोचल्यावर मांडीत कडक गोळा आला होता का? नाकाचा घोळणा फुटतो का, फुटला तर किती मिनिटं, एकाच नाकपुडीतून की दोन्हींतून, कधी नाकात बोळा भरावा लागला का? धक्का लागल्याचं आठवत नसताना अंगावर काळेनिळे डाग येतात का, विशेषतः पाठीवर, पोटावर, जिथे मुलं सहसा आपटत नाहीत? आणि हनुवटीची जखम : त्या दिवशी थांबलेलं रक्त दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालं होतं का? मग घरातल्यांचं. तुम्हाला पाळीत अतिशय रक्त जातं का, बाळंतपणात जास्त गेलं होतं का? त्याच्या वडिलांना, मामांना, दोन्हीकडच्या आजोबांना दात काढल्यावर किंवा ऑपरेशननंतर त्रास झाला होता का? 'काही नाही' असं उत्तर असलं तरी ते लिहून न्या. दवाखान्यात घाईत आठवत नाही.

तपासण्या पूर्ण होईपर्यंत त्याला अ‍ॅस्पिरिन देऊ नका आणि आयबुप्रोफेनही नको. ही औषधं प्लेटलेटना काम करू देत नाहीत, आणि अ‍ॅस्पिरिनचा परिणाम तर प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस राहतो. तापाला पॅरासिटामॉल त्याच्या वजनाप्रमाणे चालेल. स्नायूत इंजेक्शन द्यायची वेळ आली तर आधी एपीटीटीचा रिपोर्ट दाखवा. टॉन्सिल पुन्हा सुजले तर अँटिबायोटिक तोंडाने देता येतात, ऑपरेशन थांबलं म्हणून उपचार थांबत नाहीत.

खेळणं बंद करू नका. नऊ वर्षं तो धावला, पडला, खरचटला आणि बरा झाला. रिपोर्ट येण्याआधी जसा होता तसाच तो आजही आहे. या दोन-चार आठवड्यांत कुस्ती, कराटे असे अंगाला भिडणारे प्रकार बाजूला ठेवा आणि डोक्याला जोराचा मार लागला तर लगेच दवाखान्यात न्या. बाकी पळापळ, सायकल, चेंडू चालू द्या. आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय असं त्याच्या मनाने घेतलं तर ते काढायला रिपोर्टपेक्षा जास्त वेळ लागेल.

ऑपरेशन ठरेल तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांना निदान लेखी दाखवा आणि घरी आल्यावर रक्त आलं तर कुणाला फोन करायचा ते आधी विचारून घ्या. टॉन्सिलनंतरचं रक्त दोन वेळा येऊ शकतं, पहिल्या चोवीस तासांत, आणि मग पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, जखमेवरची पांढरी साय सुटताना. हे ज्यांचं रक्त पूर्ण नॉर्मल आहे त्यांच्यातही घडतं. झोपेत मूल रक्त गिळत राहतं आणि बाहेर काही दिसत नाही, म्हणून ते सारखं आवंढा गिळतंय असं वाटलं तर उठवून घशात उजेड टाकून पाहा. ताजं लाल रक्त दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

निदान काहीही निघो, ते एका कागदावर लिहून घ्या आणि त्याच्या फाइलमध्ये कायम ठेवा. फॅक्टर १२ कमी असला किंवा ल्यूपस अँटिकोअ‍ॅग्युलंट टिकून राहिलं, तर पुढे कधी त्याला हेपरिन द्यायची वेळ आल्यास एपीटीटीवरून डोस ठरवता येणार नाही, वेगळी चाचणी लागेल. तो कागद नसला तर पंचवीस वर्षांनी कुणीतरी पुन्हा याच ७४ सेकंदांपाशी अडकेल. आणि फॅक्टर १२ कमी आहे म्हणून त्याच्या शरीरात नको तिथे गुठळी होणारच नाही, असंही समजू नका. हेगमन यांचं उदाहरण वर दिलंच आहे.

धाकटीचं रक्त आत्ता काढू नका. भावात काय सापडतं त्यावर तिचं ठरेल. प्रतिपिंड निघालं तर तिची तपासणी लागणारच नाही. फॅक्टर १२ निघाला तरी घाई नाही. ११ किंवा फॉन विलेब्रांड कमी निघाला तर तिची तपासणी करायची, आणि ती पाळी सुरू होण्याआधी, कारण या दोन्हींत मुलींना पहिल्या पाळीपासूनच त्रास होऊ शकतो. ८ किंवा ९ निघाला तर तिचा तोच फॅक्टर कुठल्याही ऑपरेशनच्या किंवा दात काढण्याच्या आधी मोजून घ्या. हिमोफिलिया वाहणाऱ्या मुलींतही तो फॅक्टर कमी असू शकतो, त्या नुसत्या वाहक नसतात. आणि तेव्हा तुमचीही तपासणी करावी लागेल.

रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा. मिक्सिंग टेस्टचे आकडे लिहिताना मिसळल्यानंतर लगेचचा आणि ३७ अंशांवर ठेवून पुन्हा केलेला, असे दोन्ही लिहा. काही प्रतिपिंडं लगेच दिसत नाहीत, तासा-दोन तासांनी दिसतात.